सायकलीचे फ्रीव्हील, घरगुती दुरुस्ती आणि तंत्रज्ञानाचा इतिहास : घनसावंगी परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासाचे लेखन मुख्यत्वे हैदराबाद मुक्तिसंग्राम, जमीनव्यवस्था, दुष्काळ, सिंचन व सहकार या विषयांभोवती झालेले आहे. तंत्रज्ञानाचा विचार आलाच तर तो धरणे, साखर कारखाने आणि विद्युतीकरण यांच्या अनुषंगाने येतो. ग्रामीण माणसाच्या हाताखाली रोज राहिलेली लहान यंत्रे या लेखनात जवळजवळ दिसत नाहीत. सायकल हे त्यांपैकी एक प्रमुख यंत्र होय.

डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र व भातगिरणी या यंत्रांच्या आधारे भारतीय आधुनिकतेची मांडणी केली. त्यापूर्वी २००६ मध्ये डेव्हिड एजर्टन यांनी तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे शोधांचा इतिहास या समजुतीवर आक्षेप घेऊन वापर, देखभाल व दुरुस्ती यांना इतिहासाच्या मध्यभागी आणले. या दोन्ही मांडण्यांचा उपयोग करून प्रस्तुत निबंधात सायकलीच्या मागच्या चाकावरील फ्रीव्हील या एकाच भागाचा विचार केला आहे. बोलीत त्याला 'फ्रायव्हील' असेही म्हणतात. पंक्चर काढणे, चेन बसविणे, ब्रेक आवळणे ही कामे घरोघर होत आली. फ्रीव्हील उघडणे मात्र सहसा घरी होत नसे. यंत्र नेमके कोणत्या मर्यादेपर्यंत गावाच्या मालकीचे झाले, हे या एका भागावरून जितके स्पष्ट दिसते तितके संपूर्ण सायकलीवरूनही दिसत नाही.

फ्रीव्हीलपूर्व सायकल आणि बेळगावचे दुकान

जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' ही सारख्या उंचीच्या दोन चाकांची, मागचे चाक साखळीने फिरविणारी सायकल १८८५ मध्ये आली आणि डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८ मध्ये. याच १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींच्या व्यवसायास प्रारंभ केला. लक्ष्मणराव त्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत नोकरीस होते. पुढे कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या भूमीवर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी असा हा प्रवास झाला. मराठी उद्योगाच्या इतिहासात या सायकल दुकानाचा उल्लेख नांगराच्या आधीची पायरी म्हणून होतो आणि लेखक लगेच पुढे सरकतात. हे काहीसे अन्यायाचे आहे. परदेशी यंत्र खोलणे, त्याचा झिजलेला भाग ओळखणे व तो हाताने घडविणे या गोष्टींचे शिक्षण देणारी ठिकाणे त्या काळी फार थोडी होती आणि सायकलीचे दुकान हे त्यांतील एक होते.

तथापि त्या दुकानाच्या आरंभीच्या काळातील सायकलींना फ्रीव्हील नसे. मागचे दातेरी चक्र चाकाच्या तुंब्याला पक्के जोडलेले असे. चाक फिरत आहे तोवर पॅडलही फिरत राहात. उतारावर स्वाराने पाय वर उचलून धरावयाचे, असा तो प्रकार होता. एकाच दिशेने पकड घेणाऱ्या चाकाची कल्पना नवीन नव्हती. अमेरिकेत व्हॅन अँडेन यांनी १८६९ मध्येच तशा रचनेचे पेटंट घेतले होते. परंतु तिचा सर्वत्र वापर होण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथील एर्न्स्ट साक्स यांचा ब्रेकसह चालणारा 'टॉर्पेडो' तुंबा १९०३ मध्ये बाजारात आला. याच सुमारास इंग्लंडमध्ये साधे, तुंब्यावर आट्यांनी बसणारे फ्रीव्हील रूढ झाले. भारताने पुढे जे स्वीकारले ते हे साधे रूप. स्वस्त, सुटे, बदलता येणारे. परंतु आतून बंद.

सायकल गावात येते तेव्हा

घनसावंगी हा आज जालना जिल्ह्यातील तालुका आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात येते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा परिसर तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याच्या अंबड तालुक्याशी निगडित होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्यातील लोहमार्गामुळे जालना व परतूर ही स्थानके मनमाड आणि हैदराबादशी जोडली गेली. मात्र स्थानकापासून गावापर्यंतचा प्रवास बैलगाडीने किंवा पायीच राहिला. स्वातंत्र्यापूर्वी येथे पोहोचू शकणारी सायकल इंग्रजी बनावटीची, महाग व मोजक्यांच्या आवाक्यातील होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मुंबईतील हिंद सायकल्स हा कारखाना त्याआधीच सुरू झालेला होता. मद्रासजवळ अंबत्तूर येथील टी. आय. सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अ‍ॅटलस आणि १९५६ पासून लुधियानाची हीरो यांनी देशी सायकलीची बाजारपेठ घडविली. हिंद सायकल्स व सेन-रॅले हे आजारी पडलेले कारखाने १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाले आणि पुढे बंदही पडले. सुट्या भागांच्या व्यापाराचा मध्यबिंदू त्यामुळे निःसंशयपणे पंजाबात, लुधियानात स्थिरावला.

घनसावंगी परिसरात सायकलीस अनुकूल परिस्थिती निर्माण होण्यामागे दोन स्थानिक घटना दिसतात. पहिली १९७२ चा दुष्काळ. दुष्काळी कामांतून व नंतर रोजगार हमी योजनेतून मराठवाड्यात मुरूम-खडीचे रस्ते मोठ्या प्रमाणावर झाले. दुसरी घटना जायकवाडी प्रकल्पाची. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाचे २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पैठणहून निघणारा त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा या तालुक्यातून पुढे जातो. कालव्याबरोबर ऊस आला आणि रोजच्या रोज गावाबाहेर जाण्याची कारणे वाढली. शिक्षक, ग्रामसेवक, टपाल पोहोचविणारा, दूधवाला यांच्यासाठी सायकल हे कामाचे साधन झाले. ग्रामपंचायतींना लावता येणाऱ्या करांच्या यादीत सायकलीवरील करालाही स्थान मिळाले होते, यावरून शासनाच्या लेखी तिचे स्वरूप काय होते ते कळते. दुरुस्तीची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात होत नाही. जनगणनेने २००१ पासून कुटुंबाच्या मालमत्तेत सायकल मोजावयास सुरुवात केली. त्या वर्षी देशातील ४३.७ टक्के आणि २०११ मध्ये ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. त्यांतील किती सायकली चालत होत्या हे प्रगणकाने विचारलेले नाही.

फ्रीव्हीलची रचना

येथे रचनेचा थोडा तपशील आवश्यक आहे, कारण घर आणि दुकान यांच्यातील सीमारेषा या रचनेतच आखलेली आहे.

फ्रीव्हीलचे दोन मुख्य भाग असतात. आतील भाग तुंब्यावर आट्यांनी घट्ट बसतो. बाहेरील भागावर चेनचे दाते, सर्वसाधारण भारतीय सायकलीत १८, असतात आणि त्याच्या आतल्या बाजूस तिरप्या खाचा कोरलेल्या असतात. आतील भागावर बसविलेल्या दोन लहान पोलादी खिट्ट्या बारीक तारेच्या स्प्रिंगने सतत बाहेर ढकलल्या जातात. पॅडल पुढे मारले की खिट्ट्या खाचांत अडकतात व चाक ओढले जाते. पॅडल थांबले की त्या खाचांवरून घसरत जातात व परिचित 'टिकटिक' ऐकू येते. दोन्ही भागांच्या मध्ये पाव इंचाच्या निम्म्या व्यासाच्या छर्र्यांच्या दोन ओळी असतात. हे सर्व एका चपट्या कड्याने झाकलेले असते.

या खिट्ट्यांवर येणारा भार सहज लक्षात येत नाही. साठ किलो वजनाचा माणूस चढावर एका पॅडलवर उभा राहिला, पुढच्या चक्रास ४४ दाते असले व क्रँक १७० मिलिमीटर लांबीची असली, तर चेनवर सुमारे ११५ किलोचा ताण येतो. हा सारा ताण शेवटी नखाएवढ्या दोन खिट्ट्यांतून चाकाकडे जातो. मागे धान्याचे पोते बांधलेले असल्यास चढावर पाय अधिक जोराने द्यावे लागतात व हा ताण वारंवार येतो, हे सांगावयास नको.

खिट्टीच्या नावात एक लहानसा इतिहास दडलेला आहे. उत्तर भारतात व त्या प्रभावाने इकडील मिस्त्रींच्या बोलण्यातही तिला 'कुत्ता' म्हणतात. फ्रीव्हील निकामी झाले की 'कुत्ते गेले' असे निदान होते. पंजाबात रहाटाचे चक्र उलटे फिरू नये म्हणून जी अडसर-खिट्टी बसविली जाई तिलाही 'कुत्ता'च म्हणत. इंग्रजी कारागिरांतही अशा अडकविणाऱ्या भागास 'डॉग' म्हणण्याचा प्रघात आहे, त्यामुळे निर्णायक विधान करणे धाडसाचे ठरेल. परंतु मराठवाड्यात विहिरीचे पाणी मुख्यत्वे मोटेने काढले जाई आणि मोटेच्या रचनेत अशी खिट्टी नसते. तेव्हा एकदिशा फिरणाऱ्या चक्राची संज्ञा येथील शेतीतून आलेली नसून लुधियानाच्या मालाबरोबर, तयार नावासह आली असावी, असे मानण्यास जागा आहे. बैलगाडीमुळे कणा, तुंबा, आरे, धाव व वंगण यांचे ज्ञान येथे पूर्वापार होते. सायकलीचे चाक त्या ज्ञानात सहज सामावले. फ्रीव्हील मात्र त्यात बसणारे नव्हते.

घरी काय होऊ शकत असे

फ्रीव्हीलचे बिघाड ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पॅडल मारले असता चेन फिरते पण चाक फिरत नाही. हा कुत्ते अडकल्याचा किंवा स्प्रिंग तुटल्याचा बिघाड. पॅडल थांबविले असता चेन वरच्या बाजूस लोंबते व पॅडल आपोआप फिरू पाहते. हा छर्रे जाम झाल्याचा. तिसऱ्या प्रकारात दातेरी चक्र डगमगते. या तिसऱ्या प्रकारात घरच्या माणसाची हमखास फसगत होते, कारण तुंब्याचे कोन सैल झाले तरी चक्र डगमगल्यासारखे दिसते. एक साधा भेद येथे उपयोगी पडतो : पॅडल मारताना तुंब्याचे छर्रे फिरतात व फ्रीव्हीलचे स्थिर असतात, फ्रीव्हीलचे छर्रे पाय थांबल्यावरच काम करतात. म्हणून चाक हातात धरून आडवे हलविले असता रिमही हलत असेल तर दोष तुंब्याचा, आणि रिम स्थिर राहून केवळ चक्र हलत असेल तर फ्रीव्हीलचा.

पहिल्या दोन बिघाडांचे मूळ पुष्कळदा चिखल, धूळ व सुकलेले तेल यांत असते. काळ्या जमिनीचा चिखल पावसाळ्यात मडगार्ड व टायर यांच्यामध्ये भरतो, चेनवर चढतो. उन्हाळ्यात तोच सुकून बारीक धूळ होतो आणि तेलात मिसळून आत जातो. यावरील घरगुती उपाय चाक काढून, दाते वर येतील असे आडवे ठेवून फ्रीव्हीलच्या फटीत रॉकेल सोडण्याचा आहे. चक्र उलट फिरवीत राहावयाचे, काळे पाणी निथळू द्यावयाचे, ते स्वच्छ येईपर्यंत पुन्हा सोडावयाचे आणि शेवटी पातळ तेलाचे थेंब घालावयाचे. अनेकदा एवढ्याने अडकलेले कुत्ते मोकळे होतात.

तेलाच्या निवडीत मात्र प्रदेशाचे वैशिष्ट्य आड येते. मराठवाडा हा करडईचा प्रदेश. घरात हाताशी असलेले तेल म्हणजे करडईचे, ही अनेक दशकांची वस्तुस्थिती होती. करडईचे तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरणाऱ्या तेलांपैकी आहे. याच गुणामुळे ते रंग-रोगणात वापरले जाते. ते फ्रीव्हीलमध्ये घातल्यास आठवडाभर टिकटिक सुरेख येते आणि काही महिन्यांत कुत्ते आपल्या खोबणीत चिकटून बसतात. गाडीच्या कण्यासाठी वापरले जाणारे एरंडेल सुकत नाही, परंतु ते दाट असते. बारीक स्प्रिंगला ते पेलत नाही. योग्य तेल म्हणजे शिवणयंत्राचे. ग्रीसही कुत्त्यांवर लावणे चुकीचे. ते केवळ छर्र्यांच्या वाटेत हवे. बैलगाडीने शिकविलेले 'जितके वंगण दाट तितके चांगले' हे ज्ञान येथे उलट पडते.

फ्रीव्हील उघडण्याची वेळ आली की घर थांबते. तुंब्यावरून संपूर्ण फ्रीव्हील काढावयाचे तर त्याच्या आतील दोन खाचांत बसणारा दोन दातांचा खास पाना व तो पक्का धरणारा शेगडा हवा. स्वाराच्या प्रत्येक पॅडलने ते आणखी आवळले गेलेले असल्यामुळे साध्या हाताच्या जोराने ते निघत नाही. परंतु ते चाकावर ठेवूनही उघडता येते. वरच्या कड्यावर दोन बारीक खळगे असतात. त्यांत पंच धरून हातोडीचे ठोके दिले की कडे फिरते. अडचण दिशेची. या कड्याचे आटे उलटे असतात. पाय थांबवून सायकल घरंगळत असताना छर्र्यांचे घर्षण कड्यास मागे ओढते. त्या ओढीने ते सैल न होता आवळले जावे म्हणून निर्मात्यांनी ही योजना केली. ज्यास हे ठाऊक नाही तो नेहमीच्या सवयीने डावीकडे ठोके देतो, कडे अधिकच आवळतो आणि खळगे झिजवून टाकतो. अशा फ्रीव्हीलला मग मिस्त्रीही हात लावीत नाही. मिस्त्रीची विद्या म्हणून जी मानली जाई तिचा मोठा भाग या एका उलट्या दिशेत सामावलेला होता.

ती दिशा एकदा कळली की उरलेले काम सावधपणाचे आहे, बळाचे नव्हे. चाक परातीवर किंवा कापडावर धरून कडे काढावे, कारण छर्रे सांडतात. ते मोजून ठेवावेत. कड्याखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, चक्र डगमगत असल्यास त्यांतील एक कमी केल्याने ढिलाई जाते. कुत्त्याची अडकणारी कड गोल झाली असल्यास तो बदलावा. पुन्हा जुळविताना छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून ओळीने बसवावेत. स्प्रिंगमुळे कुत्ते बाहेर येऊन बाहेरील भाग खाली बसू देत नाहीत. त्यासाठी त्यांच्याभोवती शिवणाचा दोरा गुंडाळून ते दाबून धरावयाचे आणि भाग जागेवर बसला की दोरा ओढून घ्यावयाचा. शिवणयंत्राचे तेल, शिवणाचा दोरा, स्वयंपाकघरातील परात. या दुरुस्तीस लागणारे बहुतेक साहित्य घरातील स्त्रियांच्या हाताखालचे होते, आणि दुरुस्तीचे ज्ञान मात्र जवळजवळ सर्वस्वी पुरुषांच्या दुकानात राहिले. शिवणयंत्राची देखभाल करणाऱ्या हातांना फ्रीव्हील अवघड होते असे म्हणण्यास तांत्रिक आधार नाही. ते त्यांच्यासमोर कधी उघडले गेले नाही, एवढेच.

दुरुस्तीकडून बदलीकडे

सुटे कुत्ते, स्प्रिंगा आणि छर्रे यांची विक्री हा एकेकाळी सायकल दुकानाचा नित्याचा व्यवहार होता. भाग महाग व श्रम स्वस्त, तोवर उघडणे परवडत असे. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे फ्रीव्हील जसजसे स्वस्त झाले तसतसा मिस्त्रीच्या एका तासाचा हिशेब उलटला. आता जुने काढून नवे बसविणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो, आणि व्यक्तिशः ग्राहकाच्या दृष्टीने तो चूक नाही. मात्र त्यामुळे कौशल्याचे स्वरूप बदलले. पूर्वी मिस्त्रीस बिघाडाचे कारण शोधावे लागे. आता भागाचे नाव सांगता आले की पुरे. दरम्यान मोटारसायकलींनी सायकलीचा प्रौढ ग्राहक नेला आणि सायकलवाल्याच्या दुकानाचा आधारच खचला. साहिबाबाद येथील अ‍ॅटलसचा कारखाना ३ जून २०२०, म्हणजे जागतिक सायकल दिनी बंद पडला, ही बातमी त्या वेळी विरोधाभास म्हणून गाजली. गावातील दुकाने बंद झाल्याची बातमी होत नाही.

आणि तरीही सायकल गावातून गेलेली नाही. तिचा स्वार बदलला आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात २०११ नंतर मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर राहणाऱ्या विद्यार्थिनींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाऊ लागले. जालना जिल्ह्यातील तालुके या कार्यक्रमात समाविष्ट आहेत. पाच किलोमीटरचे अंतर म्हणजे ४४ व १८ दातांच्या, २८ इंची चाकाच्या सायकलीवर पॅडलचे सुमारे ९०० फेरे. फ्रीव्हीलचे कुत्ते चिकटले की यांतला एकही फेरा चाकापर्यंत पोहोचत नाही आणि सायकल ढकलीत न्यावी लागते. पंक्चर काढणारा आजही बहुतेक मोठ्या गावांत मोटारसायकलींच्या आधाराने तग धरून आहे. फ्रीव्हीलसाठी तालुक्याचे गाव गाठावे लागण्याची शक्यता अधिक. योजनेने सायकलीची मालकी मुलींकडे दिली. उलट्या आट्यांची दिशा कोणी सांगावी याचा विचार योजनेच्या रचनेत दिसत नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने शालेय वयात हाताने यंत्रकाम शिकविण्याचा अभ्यासक्रम राज्यातील अनेक शाळांत नेला, तेव्हा हे शाळेत शिकविणे अशक्य आहे असेही म्हणता येणार नाही. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक पंच, एक हातोडी, रॉकेल किंवा डिझेल आणि तेलाची कुपी.

काढून टाकलेल्या फ्रीव्हीलचा पुढील प्रवासही या जिल्ह्यापुरता लक्षणीय आहे. ते भंगारात वजनावर जाते. जालना शहर हे बांधकामाच्या सळया तयार करणारे राज्यातील प्रमुख केंद्र आहे आणि तेथील भट्ट्यांत भंगार लोखंड वितळविले जाते. लुधियानाहून आलेले, रॉकेलच्या चार थेंबांनी कदाचित सुटले असते असे कुत्ते आपल्या छर्र्यांसह तेथे पोहोचतात आणि इमारतीच्या सळईत मिसळतात.